बारीक लाइन कुठं चालते अन् कुठं नाही: गरीवाल्या वाचकांचे प्रश्न

या वेळेस मासेमारीवर जेवढी पत्रं अन् मेसेज आले त्यात जवळपास सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे, लाइन, म्हणजे गरीचा दोरा, किती बारीक घ्यायची. म्हणून चारा, हंगाम वगैरे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त लाइन अन् तिच्यासोबत येणारी रॉड-रील.

प्रश्न: नमस्कार भाऊ. मी आर्वी तालुक्यातला, शाळेतून रिटायर झालो. वर्धा नदीवर लहानपणापासून बांबूची गरी अन् नायलॉनचं तंगूस घेऊन बसतो. पोरगी अन् जावई अमेरिकेत मिशिगनला ॲन आर्बर गावात राहतात, येत्या जूनमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको चार-पाच महिने तिकडं चाललो. जावईबुवा म्हणतात घराजवळून ह्युरॉन नदी जाते, तिच्यात स्मॉलमाउथ बास नावाचा मासा आहे, लोक हलकी रॉड घेऊन पाण्यात उभं राहून पकडतात. मी काय घेऊ? इथून नेऊ का? ते ६ पाउंडाची लाइन म्हणतात, मले तर ते शिवणाच्या दोऱ्याएवढं बारीक वाटते, तुटणार नाही का?

उत्तर: गुरुजी, जावईबुवा एकदम बरोबर सांगून राहिले. ६ पाउंड म्हणजे पावणेतीन किलोच्या जवळपास, पण हा आकडा माशाच्या वजनाचा नाही, सरळ ओढली तर किती ओढीला लाइन तुटते त्याचा आहे. मासा पाण्यात असते तोवर त्याचं वजन पाणी सांभाळते, लाइनवर जे येते ते त्याच्या पळण्याचं बळ, अन् ते बळ रॉडच्या वाकण्यात अन् रीलच्या ड्रॅगमध्ये, म्हणजे ओढ वाढली की लाइन सोडणाऱ्या ब्रेकमध्ये, जिरते. तुमच्या बांबूला रील नाही, मासा पळाला तर त्याले द्यायला तुमच्याजवळ काहीच नसते, म्हणून तिथं तंगूस जाड लागते. रील आली की हिशोबच बदलून जाते.

आता मासा कोणता ते पाहा. स्मॉलमाउथ बास हा उत्तर अमेरिकेचा मासा, ग्रेट लेक्स अन् मिसिसिपीच्या खोऱ्यातला, स्वच्छ, थंड, खडकाळ पाण्यात राहते. अंगावर काशाचा रंग अन् उभे पट्टे, डोळा पुष्कळदा लाल. नदीत अर्ध्या-पाऊण किलोचा नेहमीचा, दीड किलोचा भेटला तर जावई फोटो काढून सगळ्यांना पाठवतील. आजपर्यंतचा सगळ्यात मोठा १९५५ मध्ये टेनेसी-केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावात सापडला, ११ पाउंड १५ औंस, म्हणजे साडेपाच किलोही नाही. तरी अंगात ताकद भारी, गरी लागली की खाली दडी मारते, मग पाण्याबाहेर उडी मारते. या माशासाठी ६ ते ८ पाउंड लाइन पुरते, अन् बारीकच पाहिजे, काहून तर पाणी स्वच्छ असते, आपण जे ल्यूर, म्हणजे खोटा चारा, टाकतो ते अवघे दोन ग्रॅम ते सात ग्रॅम वजनाचे, तेवढं हलकं वजन जाड लाइनवर दूर जातच नाही, अन् गेलं तरी जाड लाइन धारेत वाहवत जाते अन् ल्यूरला तळाला टिकू देत नाही.

रॉड साडेसहा ते सात फूट, स्पिनिंगवाली (रील खालून लटकते ती), मीडियम-लाइट पॉवर अन् फास्ट ॲक्शन. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागते, अन् ॲक्शन म्हणजे कुठून वाकते. फास्ट म्हणजे फक्त वरचा तिसरा हिस्सा वाकते, त्याच्यानं हातात टोचणी पटकन कळते. मुठीच्या वर रॉडवरच बारीक अक्षरात लिहिलं असते, लाइन ४ ते ८ पाउंड, ल्यूर १/१६ ते ३/८ औंस वगैरे, एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, ते वाचूनच घ्या, दुकानदार काय म्हणते त्याच्यापेक्षा ते छापलेलं खरं. रील २००० किंवा २५०० नंबरची, त्याच्यापेक्षा मोठी घेऊ नका, दिवसभर एका हातात धरायची आहे.

लाइनबाबत तिकडं तुम्हाला दहा जण दहा सल्ले देतील. माझं म्हणणं, सुरुवात ६ पाउंडाच्या चांगल्या मोनोनं करा. मोनो म्हणजे आपलं तंगूसच, नायलॉनची एकसंध तार, तुमच्या हाताला तिची सवय आहे, गाठ ओळखीची आहे, अन् ती थोडी ताणते म्हणून मासा एकदम उसळला तर झटका सहन करते. महिनाभरानं हात बसला की १० पाउंडाची ब्रेड (विणलेली लाइन) अन् पुढं गरीकडं मीटर-दीड मीटर ६ ते ८ पाउंडाच्या फ्लोरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणाऱ्या लाइनचा) तुकडा, ज्याले लीडर म्हणतात, असं करून पाहा. ल्यूरमध्ये तीन इंचाचा ट्यूब किंवा ग्रब (नरम रबरी ल्यूर), तपकिरी नाहीतर हिरवट रंगाचा, १/८ औंसाच्या जिगवर (वजनाचं डोकं असलेल्या गरीवर) लावून तळाच्या दगडांवरून हळूहळू ओढत आणायचा. तिकडच्या नद्यांत दगडाखाली क्रेफिश नावाचा नांगीवाला जीव असते, झिंग्याच्या नात्यातला, तो या माशाचं आवडतं खाणं. तुम्ही दगडातून जे ओढता ते त्याले क्रेफिश वाटलं पाहिजे. सोबत एक-दोन छोटे स्पिनर (फिरत्या पत्र्याचे ल्यूर) ठेवा, बस.

इथून काही नेऊ नका. तिकडं सगळं भेटते अन् लांब रॉड विमानात न्यायची कटकट वेगळी. येताना आणायची असन तर दोन तुकड्यांची रॉड घ्या, अन् गऱ्या, ल्यूर चेक-इन बॅगेत टाका. मिशिगनमध्ये १७ वर्षं किंवा त्याच्या वरच्या कोणालाही मासे पकडायला लायसन्स लागते, पाहुण्यालाही, ते आधी काढा, अन् किती लांबीचा मासा घरी नेता येते, किती नेता येतात हे त्याच्या नियमात पाहून घ्या. आणखी एक, पाणी १५ ते १८ डिग्रीला आलं की हा मासा अंडी घालते, तिकडं ते मे-जूनच्या सुमारास होते, अन् नर घरट्यावर राखण करत उभा राहते. नदीच्या गोट्यांत गोल साफ केलेली जागा अन् तिच्यावर हटत नसलेला मासा दिसला तर तिथं गरी टाकू नका, तो हटला की बाकीचे मासे अंडी खाऊन टाकतात. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ-संध्याकाळ मजेत पकडा. अन् पाण्यात उतराल तेव्हा हातात काठी ठेवा, तिथले गोटे शेवाळलेले असतात.

प्रश्न: भाऊ, मी पवनी तालुक्यातला, वय २२. व्हिडिओ पाहून साडेसहा फुटाची मीडियम-लाइट रॉड, २५०० ची रील अन् ६ पाउंडाची फ्लोरोकार्बन ऑनलाइन मागवली, त्या व्हिडिओत बास पकडतात. आपल्याकडं वैनगंगेत शिंगाळा, रोहू आहे अन् गावाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात मरळ आहे, हे सगळं याच्यावर होईन का? दोस्त म्हणतात पैसे वाया घालवले.

उत्तर: पैसे वाया गेले नाही, पण तिन्ही ठिकाणी तीच लाइन चालवशील तर जातील. रॉड-रील तेच राहू दे, लाइन जागेप्रमाणं बदल.

नदीचा मोकळा डोह असन, तळाला रेती असन, अन् तू कणकेवर नाहीतर गांडुळावर लहान-मध्यम रोहू, मृगळ, तिलापिया पकडत असशील तर तुझी ६ पाउंडाची लाइन मस्त चालते, दोन-अडीच किलोचा रोहू पण मोकळ्या पाण्यात ड्रॅग बरोबर असला तर येते, वेळ लागते एवढंच. माशाले पळू दे, थकू दे.

शिंगाळा वेगळा. तो तळाला खडकाच्या बुडाशी राहते, अंगानं मोठा होते, मीटरच्या वर जाऊ शकते, अन् लागला की सरळ खडकाकडं जाते. तिथं लाइन ओढीनं तुटत नाही, दगडाच्या धारेवर घासून तुटते. म्हणून १५ ते २० पाउंडाची ब्रेड अन् पुढं दीड-दोन मीटर १५ पाउंडाचा जाड मोनो किंवा फ्लोरो लीडर. मासा काढल्यावर अन् दर अर्ध्या तासानं लीडर दोन बोटांच्या मधून ओढून पाहा, कुठं खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून टाक अन् गाठ नव्यानं मार. कितीही महाग लाइन घे, खरचटली की तिची ताकद गेली. अन् शिंगाळ्याच्या पाठीवरच्या अन् बाजूच्या परातले काटे करवतीवानी असतात, हाताळताना कपडा वापर.

मरळीसाठी मात्र ही रॉड घरी ठेव. मामा तलावात कमळ, शेवाळ, बेशरमाची झुडपं, मरळ त्याच्यातच राहते अन् गरी लागल्याबरोबर त्याच्यातच घुसते. तिथं माशाले पळू देणं म्हणजे मासा सोडणं, पहिल्या दोन सेकंदात त्याले वर ओढावं लागते. ३० ते ४० पाउंडाची ब्रेड, दणकट रॉड, ड्रॅग घट्ट. बारीक लाइन टाकशील तर मासा तोंडात गरी घेऊन, मागं दहा मीटर तार ओढत शेवाळात अडकून मरन. मी बारीक लाइनच्या बाजूचा माणूस आहे पण इथं नाही म्हणजे नाही.

अन् तलावाबद्दल, मामा तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेच्या लीजवर असतात, माशाचं बी त्यांनी टाकलं असते, पोट त्यांचं त्याच्यावर आहे. आधी ढीवर मंडळींना भेट, विचार, पावती फाडायला लागली तर फाड. कोणत्या खोलीत काय बसलं आहे ते त्यांच्याएवढं कोणालाच माहीत नसते, दोन गोष्टी शिकायला भेटतील ते वेगळं. गोसेखुर्द धरणाच्या खाली बसत असशील तर दारं उघडायच्या दिवसांत पात्रातल्या खडकांवर जाऊ नको. तोतलाडोहचं नाव कोणी काढलं तर तिकडंही जाऊ नको, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येते, मासेमारी बंद आहे.

प्रश्न: मी साकोलीकडची, घरात आजोबांपासून सगळे जाळ्यावाले, मी मात्र रॉडवर पकडते. माझा प्रॉब्लेम म्हणजे लाइन नेहमी गाठीवरच तुटते, मधात कधीच नाही. दुसरं, दुकानात एका डब्यावर मिमी लिहिलं असते, एकावर पाउंड, एकावर पीई, कळतच नाही काय घ्यावं. अन् फ्लोरोकार्बन पाण्यात दिसतच नाही म्हणतात, खरं का?

उत्तर: ताई, लाइन गाठीवर तुटते म्हणजे लाइन चांगली आहे, गाठ कच्ची आहे. कोणतीही गाठ मारली की लाइनची थोडी ताकद जातेच, चांगल्या गाठीत कमी जाते, वाईट गाठीत अर्धी पण जाऊ शकते. अन् सगळ्यात जास्त नुकसान होते ते कोरडी गाठ ओढण्यानं, घासून गरम होते, फ्लोरोकार्बन तर याच्यानं लवकर खराब होते. ओढायच्या आधी थुंकीनं नाहीतर पाण्यानं ओली करा, मग हळूहळू, एका दमात, शेवटपर्यंत आवळा.

गरी बांधायला पालोमर नावाची गाठ शिका. लाइन दुमडून जोड करा, ती जोड गरीच्या डोळ्यातून काढा, साधी सैल गाठ मारा, जो फासा उरला तो पूर्ण गरीवरून घालून मागं घ्या, ओली करा, आवळा. मोनोवरही चालते, ब्रेडवरही. मोनोवर क्लिंच नावाची गाठ चालते, पाच-सहा पिळे द्या, पण तीच साधी क्लिंच ब्रेडवर मारली तर घसरते, ब्रेड गुळगुळीत असते ना. ब्रेडला लीडर जोडायला डबल युनी गाठ, ब्रेडच्या बाजूनं सात-आठ पिळे, लीडरच्या बाजूनं चार-पाच. घरी दहा-बारा वेळा बांधा, गरी कुठंतरी अडकवून साध्या स्प्रिंगच्या काट्यानं ओढून पाहा कोणती किती किलोला तुटते, अन् जी गाठ तुमच्या हातून चांगली बसते तीच नदीवर वापरा.

आता डब्यावरचे आकडे. मिमी म्हणजे लाइनची जाडी, पाउंड नाहीतर किलो म्हणजे ताकद, एक पाउंड साधारण साडेचारशे ग्रॅम. मोनोत ०.२५ मिमी जवळपास ६ ते ८ पाउंडाला येते, ०.३० मिमी १० च्या आसपास, कंपनीप्रमाणं थोडं इकडं-तिकडं. स्वस्त डब्यावर ०.२० मिमी लिहून २० पाउंड लिहिलं असन अन् आत साधी मोनो असन तर ठेवून द्या, तेवढ्या जाडीत मोनोला तेवढी ताकद येत नाही. पीई हे ब्रेडच्या जाडीचं माप आहे, पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिमी, हलक्या कामाला ०.८ ते १ भरपूर झालं.

तिन्हीचा स्वभाव असा. मोनो ताणते, पाणी पिते अन् ओली झाली की थोडी नरम पडते, उन्हानं खराब होते, स्वस्त आहे, दर हंगामाला बदलली तरी परवडते. फ्लोरो पाणी पीत नाही, मोनोपेक्षा जड असते म्हणून लवकर बुडते, खडकावर थोडी जास्त टिकते, पण ताठर असते, छोट्या रीलवर पूर्ण भरली तर उड्या मारते, म्हणून मी ती लीडरपुरतीच घेतो. ब्रेड म्हणजे पॉलिथिलीनच्या बारीक धाग्यांची वीण, तीच ताकद निम्म्या जाडीत, ताणत जवळपास नाही म्हणून हलकीशी टोच पण हाताला कळते, पाण्यावर तरंगते, पण दगडावर घासली की एका झटक्यात जाते. म्हणून ब्रेड मागं अन् लीडर पुढं.

दिसत नाही हे अर्धं खरं आहे. प्रकाश वाकवायचा आकडा पाण्याचा १.३३, फ्लोरोचा १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर, म्हणजे फ्लोरो पाण्याच्या जास्त जवळ आहे म्हणून कमी दिसते, पण दिसते. अन् जुलै-ऑगस्टमध्ये चुलबंदला चहाच्या रंगाचं पाणी वाहत असते तेव्हा त्याचा काय फायदा, तेव्हा साधी मोनोच लावा. तसंही त्या दिवसांत रोहू-कतला-मृगळ अंडी घालायला वर चढतात, अंडी भरलेली मादी लागली तर सोडून द्या. हिवाळ्यात पाणी निवळलं की फ्लोरोचे पैसे वसूल होतात.

आता ड्रॅग, कारण तुमची गाठ तुटायचं अर्धं कारण तिथं असन. ड्रॅग म्हणजे बैलाचा कासरा, पूर्ण आवळला तर तुटते, पूर्ण सोडला तर बैल बांधावर. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशवर ड्रॅग सुटला पाहिजे, ६ पाउंडाला साधारण ७०० ते ९०० ग्रॅम. लाइन रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवून टोकाला स्प्रिंगचा काटा लावा, दुसऱ्यानं ओढायचं, तुम्ही रॉड वाकवून धरायची, अन् त्या आकड्याला रील लाइन सोडते का पाहायचं. मासा लागल्यावर ड्रॅग फिरवत बसू नका. अन् लक्षात घ्या, मासा खूप लांब पळाला अन् स्पूल (रीलवरची लाइन गुंडाळायची चकरी) अर्धा रिकामा झाला की तोच ड्रॅग आपोआप जास्त जड लागते, तेव्हा रॉड थोडी खाली करा. घरी ठेवताना ड्रॅग सैल करून ठेवा, आतल्या चकत्या दाबून राहत नाहीत.

लाइन परत परत एकाच जागी खरचटत असन तर कापसाचं एक बोंड घ्या, घराघरात आहे, अन् रॉडच्या प्रत्येक कड्याच्या आतून फिरवा. जिथं तंतू अडकला तिथं कडं तडकलं आहे, डोळ्याला दिसत नाही पण लाइन कापते. ते कडं बदला.

प्रश्न: लाइन फेकली की स्पूलवरून गुंताच्या गुंता बाहेर पडते, प्रत्येक वेळी. रील खराब आहे का? (समुद्रपूरहून)

उत्तर: रील बहुतेक चांगली असन, भरलेली चुकीची आहे. स्पूलच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहीन एवढीच लाइन भरा, काठोकाठ भरली की उसळते, फार कमी भरली की दूर जात नाही. फेक झाली की बेल (रीलवरची लाइन धरणारी तारेची कमान) हातानं बंद करा, हँडल फिरवून नको, अन् बंद केल्यावर लाइन एकदा ताणून घ्या, सैल वेटोळं आत गेलं की पुढच्या फेकीत तेच बाहेर येते. स्पिनर वापरत असाल तर मधात छोटा स्विव्हल (फिरती कडी) लावा. आत्ता जो पीळ पडला आहे तो काढायला गरी, वजन सगळं काढा, नुसती लाइन वाहत्या धारेत पन्नास-साठ मीटर सोडा, थोडा वेळ राहू द्या, मग बोटांच्या चिमटीतून गुंडाळून घ्या. ब्रेड भरत असाल तर खाली थोडी मोनो आधी गुंडाळा, नाहीतर पूर्ण ब्रेड स्पूलवर घसरते अन् वाटते ड्रॅग बिघडला.

प्रश्न: मागच्या वर्षीची लाइन वापरू का? अन् जुनी फेकायची कुठं? (वणी तालुका)

उत्तर: मोनो असन अन् मे महिन्यात टिनाच्या खोलीत नाहीतर गाडीच्या डिक्कीत राहिली असन तर नका वापरू, आपल्याकडचं ४५ डिग्री ऊन नायलॉनला मानवत नाही. हातभर तुकडा घ्या, गाठ मारा, झटका द्या, टचकन तुटला तर सगळी काढून टाका. ब्रेड मात्र उलटी करून, आतलं टोक बाहेर आणून आणखी वर्षभर चालते.

जुनी लाइन काठावर, झुडपात, शेतात कुठंच टाकू नका. ढोकरी, बगळा, टिटवी यांच्या पायात ती अडकली की पाय सुजून जाते, बैलाच्या खुरातही गुंतते. वीतभराचे तुकडे करून, बंद बाटलीत भरून कचऱ्यात द्या, अन् दुसऱ्याची पडलेली दिसली तर ती पण उचला. जाळू नका, धूर वाईट असते.